खेळत्या भांडवलाचं प्रकरण शेवेच्या दुकानातून

‘खेळतं भांडवल म्हणजे चालू मालमत्ता वजा चालू देणी.’ दुकानदारांसाठी धंद्याचं पुस्तक लिहिताना प्रकरणाची सुरुवात अशी झाली की इंदूरचा दुकानदार पुस्तक मिटतो आणि गल्ल्यावर जाऊन बसतो. व्याख्या बरोबर आहे (वर्षभरात रोख होणारं सगळं वजा वर्षभरात चुकवायचं सगळं), फक्त लवकर आली. आधी त्याला पैसा अडकताना दिसू द्या.

लिहायला बसताना प्रसंग नंतर, हिशेब आधी. उलट केलंत तर प्रसंग रंगतो, आकडे जुळत नाहीत आणि पहिला हिशेबनीस वाचकच चूक पकडतो. समजा, मल्हारगंजात शेवेचं दुकान आहे. रोज 40 किलो विक्री, भाव 240 रुपये किलो. सगळा खर्च धरून किलोमागे 200 रुपये जातात, तेही रोखीनं. पोह्यांच्या गाड्या लावणारे येऊन म्हणतात, “निम्मा माल आम्ही उचलतो, पैसे महिन्यानं.” दुकानदार हो म्हणतो.

इथे थांबा. परिच्छेद तोडा. वाचकालाही ‘हो’ म्हणावंसं वाटलं पाहिजे; दुकानदार मूर्ख दिसला तर गोष्ट फसली. मग 30 दिवसांचा हिशेब मांडा. नफा 48,000 रुपये, उधारीत अडकले 1,44,000. म्हणजे वहीत नफा आणि गल्ल्यात 96,000 ची तूट. बेसनवाला दारात उभा. व्याख्या आता द्या, एका ओळीत पुरते.

2,500 शब्दांच्या प्रकरणात गोष्ट 500 शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. त्यातले साधारण 350 निर्णयापर्यंत, उरलेले हिशेबानंतर. पात्रं दोन, फार तर तीन. चौथं आलं की वाचक नावं लक्षात ठेवत बसतो.

स्थानिक रंगाचा मोह इंदुरात जरा जास्तच होतो. सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसावर अर्धं पान सहज जातं. वर्णन काढून निर्णय बदलत नसेल तर ते काढाच. मात्र तीच गल्ली दिवसा दागिने विकते आणि रात्री खाणं, हा तपशील जागेच्या वापरावरच्या प्रकरणात सोन्यासारखा आहे, कारण तिथे तोच मुद्दा आहे.

खरा इतिहास वापरताना आकडाच नायक करा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला 1 कोटी रुपये दिले: मुदत 101 वर्षं, व्याज साडेचार टक्के. वाचकाला गुणाकार करू द्या. वर्षाला साडेचार लाख, म्हणजे नुसत्या व्याजातून मुद्दलाएवढी रक्कम यायला 22 वर्षांहून थोडा अधिक काळ. महाराजांच्या तोंडी कल्पित संवाद मात्र घालू नका. एक खोटं वाक्य सापडलं की वाचक खऱ्या आकड्यावरही शंका घेतो. हयात व्यापाऱ्याची गोष्ट असेल तर मजकूर त्याला वाचून दाखवा आणि लेखी परवानगी घ्या. नाव बदललं तरी धंदा आणि गल्ली यांवरून बाजार माणूस ओळखतोच.

शेवटी तीन दुकानदारांना प्रकरण वाचायला द्या आणि दोन दिवसांनी तोंडी विचारा. शेव आठवली पण 96,000 ची तूट का आली ते सांगता आलं नाही, तर व्याख्येला हात लावू नका. उधारीचा प्रसंग पुन्हा लिहा.