तारकर्लीचा स्कूबा सेट थंड पाण्यात नेताय? या चुका टाळा

रावेर-यावलकडे जानेवारीत केळी वाचवायला पहाटे बागेत धूर करावा लागतो, त्यामुळे थंडी काय असते हे खानदेशी माणसाला सांगायला नको. पण हवेतल्या थंडीचा अनुभव पाण्यात कामाला येत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. २० अंशांच्या हवेत एक स्वेटर पुरतो. तेवढ्याच पाण्यात ३ मिलिमीटर जाडीच्या वेटसूटनं (पाण्यात घालायच्या रबरी सुटानं) पाऊण तास काढायचा म्हटलं तर दात वाजायला लागतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून स्कूबा शिकायला माणूस तारकर्ली-मालवणला नाहीतर अंदमानला जातो. तिथलं पाणी २७ ते २९ अंश. बरोबरचं सामान त्याच पाण्याच्या मापाचं. पुढे कुणी आइसलंडच्या सिल्फ्रा या पाण्यानं भरलेल्या भेगेचं मनावर घेतं, कुणी लडाखच्या तळ्याचं, कुणी शोध-बचाव पथकाबरोबर हिवाळ्यात धरणावर उतरतं. आणि सगळ्यांचा पहिला विचार एकच असतो: जाड सूट घेतला की झालं. तिथंच चुकतं. सूट जाड झाला की बुडण्यासाठी बांधायचं शिसं वाढतं, शिसं वाढलं की बीसीडीत (हवा भरून तरंग सांभाळायच्या जाकिटात) हवा जास्त लागते, हातमोजे आले की नेहमीची बटणं सापडेनाशी होतात. आणि या सगळ्याच्या आधी गोठतो तो सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारा रेग्युलेटर.

पाण्याचं तापमान काठावरून ठरवणं

साचलेल्या खोल पाण्यात उन्हाळ्यात थर पडतात. मे महिन्यात गिरणा किंवा हतनूरच्या काठावर ४४ अंश असतील, वरचं पाणीही कोमट लागेल, पण खाली गेल्यावर एका हाताच्या अंतरात गार थर लागू शकतो. सूट निवडायचा तो तळाच्या तापमानावर. उपाय सोपा आहे: डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि तापमान नोंदणारं यंत्र) दोरीला बांधून तळापर्यंत सोडा, दहा मिनिटं राहू द्या, वर काढून नोंदलेलं सर्वांत कमी तापमान बघा. (धरणात उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती आधी घ्या.)

साधारण हिशेब असा: २१ ते २६ अंशांना ५ मिलिमीटर, १५ ते २० ला टोपीसह ७ मिलिमीटर, त्याखाली सेमी-ड्राय (अगदी थोडंच पाणी आत येऊ देणारा सूट), आणि १० च्या खाली ड्रायसूटच (पाणी आत येऊच न देणारा सूट). आपल्या धरणांचं पाणी रेग्युलेटर गोठवण्याइतकं कधीच गार होत नाही. म्हणून ड्रायसूट आणि वजनाचा सराव करायला ती चांगली जागा. सिल्फ्राच्या २ ते ४ अंशांत पहिल्यांदा ड्रायसूट घालून बघण्याचा विचारही करू नका. तिथं उतरण्याआधीच ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा नोंदवलेला अनुभव विचारतात.

जाड वेटसूट घेऊन खोल जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. वेटसूटच्या रबराची, म्हणजे निओप्रीनची, ऊब त्यातल्या गॅसच्या बारीक फुग्यांत असते. १० मीटरवर तो गॅस निम्म्या जागेत दबतो, ३० मीटरवर पाव. म्हणजे जिथं पाणी सर्वांत गार, तिथंच सूट सर्वांत पातळ. वर तरंगवणारी त्याची ताकदही त्याच वेळी जाते, आणि वर येताना ती परत येते.

ड्रायसूटच्या आत सुती बनियन

कापूस हे आपल्याकडचं पांढरं सोनं, पण ड्रायसूटच्या आत त्याला जागा नाही. तो घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की ऊब देत नाही. अंगालगत पातळ लोकर किंवा सिंथेटिक थर, त्यावर जाड अंडरसूट. ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या पातळ) कापडाच्या सुटाला स्वतःची ऊब जवळजवळ नसते, सगळी भिस्त आतल्या थरांवर.

सीलकडे, म्हणजे मनगटाशी आणि गळ्याशी पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीकडे येऊ. नवीन लेटेक्स सील घट्ट लागतं म्हणून लगेच कात्री लावू नका. आधी ते मापाच्या बाटलीवर चढवून रात्रभर ताणून ठेवा. तरीही गळा आवळत असेल तर एका वेळी एकच कडी कापा, घालून बघा, मग पुढची. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. डोक्याला तेल चोपडायची सवय असेल तर डाइव्हच्या आदल्या दिवसापासून बंद. खोबरेल असो की व्हॅसलीन, तेलकट पदार्थ लेटेक्सला खातो. सील सहज सरकायला बिनवासाची टाल्कम पावडर पुरते.

आत ओलं लागलं की सूट फाटलाच असं समजू नये. सगळ्या अंगभर सारखा दमटपणा असेल तर तो घाम. एकाच बाजूला, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत किंवा छातीवर, भिजलं असेल तर गळती. मनगटातून पाणी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या शिरा. त्यांच्या खोबणीतून पाणी शिरतं. सील इंचभर वर कोपराकडे सरकवा. मानेत अंडरसूटची कड किंवा दाढीचे केस अडकलेले असतात. तरीही उलगडा होत नसेल तर दोन्ही मनगटांत बाटल्या आणि गळ्यात रबरी चेंडू बसवा, झिप लावून इन्फ्लेटरनं (हवा भरायच्या बटणानं) सूट फुगवा आणि साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे जागा दाखवतात. आपल्याकडच्या गाळाच्या पाण्यातून आल्यावर आधी सुटातली हवा बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तपासा. काळ्या मातीचा एक कण पडद्याखाली अडकला तरी तो व्हॉल्व्ह पाणी आत घेतो.

पाण्यात तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. हवा सोडताना डावं कोपर सगळ्यांत उंच करा. पायात हवा जाऊन पाय वर जायला लागले तर गुडघे पोटाशी घ्या, अंग वळवून उभे व्हा, मग सोडा. हे गुडघाभर पाण्यात नाही, ३-४ मीटरवर पन्नासदा करून बघायचं असतं.

चांगला रेग्युलेटर म्हणजे थंड पाण्याचा रेग्युलेटर, हा समज

इथं थोडं थांबू, कारण सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

सिलिंडरमधली हवा २०० बार दाबावरून फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात) साधारण १० बारवर येते. दाब असा झटक्यात उतरला की हवा थंड होते, इतकी की २-४ अंशांच्या पाण्यात फर्स्ट स्टेजचं धातू शून्याच्या बरंच खाली जातं. भोवतालचं पाणी त्यावर बर्फ होऊन बसतं, झडप अडकते आणि सेकंड स्टेजमधून (तोंडात धरायच्या भागातून) हवा सतत वाहायला लागते. वाहणारी हवा आणखी थंड करते, बर्फ वाढतो, गळती वाढते. ३० मीटरवर ही अवस्था आली तर नेहमीचं ॲल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलिंडर काही मिनिटांत रिकामं. गोडं पाणी शून्यालाच गोठतं, समुद्राचं उणे दोनच्या जवळ. म्हणून सारख्याच तापमानात तळं समुद्रापेक्षा जास्त धोक्याचं.

विकत घेताना किंवा भाड्यानं घेताना फर्स्ट स्टेजवरची खूण वाचा. ईएन २५० या युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी हे थंड पाणी. ज्या रेग्युलेटरनं ती चाचणी दिलेली नाही त्यावर '१० अंशांपेक्षा जास्त' अशी खूण असते. किंमत कितीही असो, तो रेग्युलेटर गरम समुद्रासाठीच. डायफ्रामचा (लवचिक पडद्यावर चालणारा) आणि बाहेरच्या पाण्यापासून बंदिस्त केलेला फर्स्ट स्टेज हवा, कारण मग स्प्रिंगभोवती पाणीच नसतं. सेकंड स्टेज शक्यतो धातूचा. तो आजूबाजूच्या पाण्याची उष्णता आत आणतो, प्लास्टिक तेवढी आणत नाही. सिलिंडरशी जोड डिन पद्धतीचा, म्हणजे आट्यांनी आत फिरवून बसणारा. आपल्याकडच्या केंद्रांत वरून आवळायचे योक दिसतात, पण डिनचा ओ-रिंग (रबरी कडं) आत बसतो आणि सहजी निसटत नाही.

सर्व्हिसिंगला देताना 'थंड पाण्यात वापरणार आहे' हे तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा. गरम पाण्यासाठी श्वास हलका लागावा म्हणून सेकंड स्टेज इतका नाजूक लावतात की हलक्या झटक्यानंही तो वाहायला लागतो. इथं तो थोडा जड असलेला बरा.

मग वापरातल्या सवयी. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप कोरडी आहे ना बघा, कारण धुताना तिथून शिरलेला पाण्याचा एक थेंबसुद्धा आत बर्फ होतो. रेग्युलेटर चढवण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून त्यातलं पाणी उडवा. काठावर गोठणारी हवा असेल तर तिथं श्वास घेऊन चाचणी करू नका. श्वासातली वाफ आत जमते. चाचणी खोलीत करा, पहिला श्वास सेकंड स्टेज पाण्याखाली गेल्यावर. पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून हवा सोडायचं) दाबून बघायचा मोह आवरा. पाण्यात बीसीडी किंवा सुटात हवा भरताना एका सेकंदाचे छोटे फवारे द्या, आणि त्याच वेळी श्वास ओढू नका. एका फर्स्ट स्टेजवर एकदम जास्त मागणी आली की तो लवकर गोठतो.

म्हणून १० अंशांखाली दोन व्हॉल्व्हचं सिलिंडर आणि दोन वेगळे फर्स्ट स्टेज. एकावर मुख्य सेकंड स्टेज आणि बीसीडीची नळी, दुसऱ्यावर राखीव सेकंड स्टेज, प्रेशर गेज आणि ड्रायसूटची नळी. एक गोठला तर तो बंद करता येतो आणि दुसऱ्यावर वर येता येतं. गोठलाच तर ओठ घट्ट मिटू नका, जास्तीची हवा बाजूनं जाऊ द्या, राखीव तोंडात घ्या, जोडीदाराकडून गोठलेल्याचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या. तो पुन्हा चालू झाला तरी डाइव्ह तिथंच संपली.

मालवणचं शिसं धरणात, धरणाचं समुद्रात

माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरले तर गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा साधारण अडीच किलो शिसं कमी लागतं. मालवणला ठरवलेला बेल्ट तसाच गिरणा धरणात बांधणारा तळाला आपटतो. उलट धरणात ठरवलेलं वजन घेऊन समुद्रात गेलेला खालीच जात नाही. जाड सुटाची भर पडली की गोंधळ दुप्पट.

ॲल्युमिनियमच्या त्या सिलिंडरात २०० बारला जवळपास २.७ किलो हवा असते. भरलेलं असताना ते बुडतं, रिकामं होताना सुमारे दोन किलोनं वर ओढतं. त्यामुळे वजनाची परीक्षा भरल्या सिलिंडरवर घेऊ नका. ५० बार उरलेले असताना, ५ मीटरवर, बीसीडी पूर्ण रिकामी आणि सुटात अंग चिमटणार नाही इतकीच हवा ठेवून स्थिर राहता आलं तर वजन बरोबर. नवीन अंडरसूट आला की परीक्षा पुन्हा. सगळं शिसं कमरेला बांधण्यापेक्षा काही सिलिंडरच्या पट्ट्यावर द्या, पण सुटं करून टाकता येईल असा हिस्सा राहिलाच पाहिजे.

हात, कान, गेज

हातमोजे ५ मिलिमीटरचे घेतले की छोट्या कड्या उघडत नाहीत, मोठ्या लावा. इन्फ्लेटरची नळी हातमोजे घालून काढता येते का, हे डोळे मिटून करून बघा. इन्फ्लेटर उघडा अडकला तर वाचण्याचा मार्ग तोच आहे. टोपी सैल असली की एका कानात आधी गार पाणी शिरतं आणि काही क्षण गरगरतं. त्यामुळे मापाची टोपी घ्या आणि उतरल्यावर दोन्ही कानांत पाणी सारखं जाऊ द्या.

गेजही फसवतं. भरताना सिलिंडर तापतं. ४५ अंशांवर २०० बार दिसत असतील तर १० अंशांच्या पाण्यात तेच १७८ च्या आसपास दिसतात. हवा गळाली नाही, थंड झाली. डाइव्हचा हिशेब थंड आकड्यावर करा. तोरणमाळचा यशवंत तलाव हजार मीटरहून उंच आहे आणि लडाखचा पँगाँग चार हजारांहून. ३०० मीटरच्या वर उंचीचा विचार सुरू होतो, तेव्हा जुना कॉम्प्युटर असेल तर उंची हातानं भरा. 

मे महिन्यात पत्र्याखाली

थंड पाण्याचं सामान आपल्याकडे मरतं ते उन्हाळ्यात. पत्र्याच्या माळ्यावर टाकलेल्या सुटाचं लेटेक्स चिकट होतं, निओप्रीन घडीवर कायमचं दबतं. विहिरीच्या मोटारीजवळ किंवा इन्व्हर्टरच्या खोलीत ठेवू नका. विजेच्या ठिणगीतून तयार होणारा ओझोन लेटेक्सला भेगा पाडतो. सूट गोड्या पाण्यानं धुवून आतून-बाहेरून सावलीत वाळवा, सीलवर टाल्कम लावा, पितळी झिपवर मेण फिरवून ती पूर्ण उघडी ठेवा, सैल गुंडाळी करून घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. हंगामाआधी सील दोन बोटांनी ताणून उजेडापुढे धरा. बारीक भेगा दिसल्या तर सील बदलून घ्या, चिकटवून चालवू नका.

उन्हात ड्रायसूट चढवून काठावर गप्पा मारत बसणं हे थंडीइतकंच वाईट. झिप लावली की पाच मिनिटांत पाण्यात, नाहीतर झिप उघडा आणि सावलीला या.