'ऑन द ब्रिंक' कुठे आणि 'ऑब्लिव्हियन' कुठे
एखादी कंपनी बुडायला आलीये असं इंग्रजीत लिहायचं असेल तर 'ऑन द ब्रिंक ऑफ कोलॅप्स' बिनधास्त वापरा, फक्त तिथे 'ऑफ'च हवं, 'टू कोलॅप्स' चुकीचं. 'द रायटिंग इज ऑन द वॉल' मात्र वाईट शेवटाची चिन्हं आधीपासून दिसत असतील तेव्हाच शोभतं (बायबलमधल्या बेलशस्सर राजाच्या महालात भिंतीवर अक्षरं उमटली आणि त्याच रात्री तो मारला गेला, तिथून आलंय हे), अचानक झालेल्या अपघाताला ते चिकटवू नका. लोक पार विसरले असतील तर 'फेड इनटू ऑब्लिव्हियन', पण नुसती प्रसिद्धी ओसरली असेल तर 'ऑब्स्क्युरिटी' पुरे. आणि 'डूम्ड' उठसूट नको हां, बचावाची आशाच संपली असेल तेव्हाचा शब्द आहे तो.