दरडीचे कारण शोधताना: उथळ भूभौतिक सर्वेक्षणातील या चुका टाळा

पारसिक डोंगराच्या मुंब्रा-कळवा बाजूला दरड कोसळली की विद्युत रोधकता (जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणे) आणि भूकंपीय अपवर्तन (हातोड्याच्या ठोक्याचे तरंग खालच्या थरांतून वळून परतायला लागणारा वेळ मोजणे) या पद्धतींनी सर्वेक्षण करण्याची शिफारस होते. शिफारस योग्यच असते. चुका होतात त्या निष्कर्ष काढताना.

रोधकतेच्या रंगीत छेदचित्रातील निळा, म्हणजे कमी रोधकतेचा, पट्टा म्हणजेच घसरण-पृष्ठ (ज्यावरून दरड सरकते तो पृष्ठभाग), असे परस्पर ठरवणे ही सर्वांत घातक चूक होय. रोधकता पाण्याने कमी होते, चिकणमातीने होते आणि खाडीलगतच्या पायथ्याशी खारेपणानेही होते; चित्रात मात्र तिन्हींचा रंग एकच असतो. म्हणून सर्वेक्षणाच्या रेषेवरच किमान एक बोअर घेऊन नमुने तपासावेत. तीच रेषा मे महिन्यात आणि पावसाळा संपताच पुन्हा मोजावी. ऐन उन्हाळ्यातही ओला राहणारा पट्टा चिकणमातीचा नाही असे बोअरने दाखवले, तर वरच्या वस्तीचे सांडपाणी किंवा फुटकी जलवाहिनी आधी तपासावी. सगळा दोष पावसावर टाकणे सोयीचे असते, इतकेच. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात इलेक्ट्रोडचा (वीज सोडण्यासाठी जमिनीत ठोकलेल्या धातूच्या खुंटीचा) संपर्क नीट होत नाही, तेव्हा त्याभोवती मिठाचे पाणी ओतावे.

दुसरी चूक अपवर्तनाची आहे आणि आपल्या बसाल्टमध्ये ती सहज घडते. दोन लाव्हाप्रवाहांमध्ये अनेक ठिकाणी ‘रेड बोल’ नावाचा तांबडा, मातकट, कमकुवत थर असतो. वरच्या कठीण खडकापेक्षा त्यात तरंगांचा वेग कमी असल्याने अपवर्तनात तो दिसतच नाही, आणि नेमका धोक्याचा थर अहवालातून गळून पडतो. येथे रोधकतेची जोड अनिवार्य समजावी. शिवाय संपृक्त मातीत प्राथमिक तरंगांचा (दाबाच्या लाटांचा) वेग पाण्यामुळेच सेकंदाला सुमारे 1500 मीटर भरतो, म्हणून मातीचा भुसभुशीतपणा जोखण्यासाठी पाण्यातून न जाणाऱ्या कर्तन तरंगांचा (आडव्या हेलकाव्याच्या लाटांचा) वेगही मोजावा.

रोधकतेत खोली रेषेच्या लांबीच्या साधारण पाचव्या-सहाव्या भागाइतकीच मिळते: 2 मीटर अंतरावरील 48 इलेक्ट्रोडची रेषा 94 मीटरची होते आणि 15 ते 18 मीटरपर्यंतच पोहोचते. त्याखालील रंगांवर भाष्य करू नये. ओल्या चिकणमातीत भूवेधी रडार (जमिनीत रेडिओलहरी सोडून प्रतिध्वनी टिपणारे यंत्र) फारसे खोल जात नाही, तेव्हा त्यावर खर्च टाळावा. लोकलच्या हादऱ्यांवर उपाय सोपा आहे: गाडी गेल्यावर हातोड्याचे अनेक ठोके घेऊन नोंदींची बेरीज करावी. लोखंडी कुंपणाला समांतर रेषा मात्र टाकूच नये, कारण विद्युतप्रवाह त्यातूनच वाहतो आणि ती चूक नंतर संगणकावर दुरुस्त करता येत नाही.