हावभावाचा स्लायडर ओढण्याआधी या चुका टाळा

शहापुरातल्या आमच्या एडिटिंगच्या दुकानात शिकायला आलेलं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी एकच करतं. डबिंगचं, म्हणजे दुसऱ्या भाषेतल्या आवाजावर व्हिडिओतल्या माणसाचं तोंड हलवणारं सॉफ्टवेअर उघडतं आणि हावभावाच्या तीव्रतेचा स्लायडर उजवीकडं ओढतं. "जरा जान येऊ दे की ओ!" जान येत नाही, नुसता जबडा येतो.

मला सगळ्यात महागात पडली ती आधीच्या कामाचा आकडा तसाच ठेवायची चूक. अथणीकडच्या एका घरातलं श्रद्धांजलीचं काम होतं. मुलगा कन्नडमध्ये बोललेला, मिरज-सांगलीच्या पाहुण्यांसाठी मराठी हवं होतं. सकाळी साडीच्या जाहिरातीला स्लायडर १.६ वर नेला होता, तो तिथंच राहिला. घाईत मी फक्त आवाज तपासला. बाराव्याला टीव्हीवर लावलं, तर "वडील गेले तेव्हा मी इथे नव्हतो" म्हणताना मुलगा चक्क हसतोय! त्या वाक्यात ई आणि ए भरलेले. हे स्वर म्हणताना ओठांचे कोपरे मागे जातात. तेच दीडपटीहून जास्त ताणले की हसू दिसतं. त्याच्या आईनं टीव्ही बंद करायला लावला. पैसे मागायला मला तोंड नव्हतं.

स्लायडरला दुःख कळत नाही, गुणाकार कळतो. सॅडटॉकर या फोटोतला चेहरा बोलता करणाऱ्या टूलमध्ये तर चेहऱ्याच्या हावभावाचे ६४ आकडे सरळ त्या एका संख्येनं गुणले जातात. मूळ किंमत १. म्हणून नवं काम उघडलं की मी आधी १ वर येतो आणि शेवटचा आकडा वहीत लिहितो. मग आवाज बंद करून शेजारच्या चहावाल्याला विचारतो, "हा रडतोय का हसतोय?" त्याचं उत्तर सहसा चुकत नाही.

दुसरी चूक म्हणजे वाक्याचा दोष स्लायडरवर ढकलणं. कन्नड 'होगुत्तेने' चार अक्षरांचं, त्याच अर्थाचं मराठी 'जातो' दोनच, म्हणून आवाज आधीच संपतो. वेव्हटूलिपसारखं, ओठ आवाजाशी जुळवणारं टूल चेहऱ्याचा खालचा अर्धा भागच बदलतं, त्यामुळं ओठ मिटतात आणि भुवया, हात मात्र बोलतच राहतात. पोरं तीव्रता कमी-जास्त करत तासभर घालवतात. अरे, वाक्य बदल! "जातो की मी आता" म्हटलं की जागा भरते, आणि आपल्याकडं बोलतात तसंही वाटतं. पण स्क्रिप्टला परत हात लावायचा म्हटलं की सगळ्यांना कंटाळा.

पंख्याची घरघर असलेला आवाज देऊ नका. त्यावरही ओठ थरथरतात. 'प, ब, म'ला ओठ मिटत नसतील तर तीव्रता वाढवू नका, आधी आवाज मागे-पुढे सरकवून बघा.

फक्त मोबाईलवर बघून काम पास करू नका. वेव्हटूलिप चेहरा ९६ बाय ९६ पिक्सेलमध्ये तयार करतं. लग्नाच्या हॉलमधल्या एलईडी पडद्यावर तोंडाचा लगदा दिसतो.

आणि बाजूनं घेतलेला चेहरा किंवा तोंडासमोर माईक असेल, तर मी ओठांच्या नादाला लागतच नाही. तेवढ्यापुरते समोर बसलेले श्रोते दाखवतो.