आहार मोजणारं ऑनलाइन साधन तपासताय? या चुका टाळा

इंटेक२४, मायफूड२४ ही ब्रिटनमध्ये घडलेली आणि एएसए२४ हे अमेरिकेतलं साधन. काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारून ऊर्जा, प्रथिनं, मीठ यांचा हिशेब ती मांडतात. असं साधन सोलापुरात वापरायचं, तर आधी ते इथल्या ताटावर तपासायला हवं. ही तपासणी बहुतेक वेळा भाकरीपाशीच फसते.

भाकरीचं नुसतं वजन धरू नका. कडक भाकरीतलं पाणी निघून गेलेलं असतं. पीठ तेवढंच, पण वजन मऊ भाकरीपेक्षा कितीतरी कमी. साधनात 'ज्वारीची भाकरी' अशी एकच नोंद असेल, तर कडक भाकरी चुरून खाणारा माणूस प्रत्यक्षापेक्षा कमी जेवलेला दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ज्वारीची ऊर्जा १०० ग्रॅमला सुमारे ३३४ किलोकॅलरी आहे, पण ती कच्च्या धान्याची. म्हणून पीठ तोलून घ्या, भाकरी झाल्यावर पुन्हा तोला आणि दोन्ही प्रकारांची वेगळी नोंद साधनात घाला. ५० ग्रॅम पिठाची भाकरी मऊ असो वा कडक, ऊर्जा साधारण १६७ किलोकॅलरीच.

शेंगा चटणीचंही तसंच. 'एक चमचा' म्हणजे कुठला चमचा, सपाट की शिगोशीग? वर तेल किती ओतलं? हा प्रश्न वेगळा विचारला नाही तर तेल हमखास सुटतं, आणि चहाच्या चमच्याएवढं तेलही ४० किलोकॅलरी देतं.

आठवणीची तुलना आठवणीशी नको. साधनात भरलेली माहिती आणि मुलाखतीत सांगितलेली माहिती जुळली, की लोक निर्धास्त होतात. पण जो दुपारचा चहा साधनात भरायला विसरला, तो मुलाखतीतही विसरतो. निदान काही घरांत तरी ताट तोलून नोंद करा. प्रथिनांसाठी २४ तासांच्या लघवीतला नायट्रोजन (खाल्लेल्या प्रथिनांतून आलेला घटक) ही स्वतंत्र कसोटी आहे. मात्र कारखान्यात पाळीवर असलेल्या कामगाराची एक वेळची लघवी गोळा करायची राहिली, तरी प्रथिनं कमी दिसतात आणि कमी मोजणारं साधन उगाच बरोबर ठरतं. 'एखादी वेळ राहिली का?' हे न रागावता विचारा.

सहसंबंधावर, म्हणजे दोन मोजमापं सोबत वर-खाली होतात का हे सांगणाऱ्या आकड्यावर, विसंबू नका. तीन जणांची तोलून आलेली ऊर्जा १५००, १८००, २१०० आणि साधनाची १२००, १५००, १८०० असेल, तर सहसंबंध पूर्ण १ येतो. तरी प्रत्येकाच्या ताटातले ३०० किलोकॅलरी गायब! संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली मांडलेल्या पद्धतीने फरकांची सरासरी आणि त्यांचा पसारा पाहा.

तुलना एकाच दिवसाची हवी. गड्ड्याच्या यात्रेतलं खाणं साधनात आणि एरवीच्या दिवसाचं ताट तराजूवर, असं झालं तर फरक साधनाचा की दिवसाचा, हे कळणारच नाही.

आणि माणसं कोण निवडता? मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर तपासलेलं साधन विडी वळणाऱ्या बाईंच्या हाती तसंच देऊ नका. अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आईची माहिती मुलगी भरते. फॉर्म कोणी भरला याची नोंद ठेवा आणि अशा घरांचे आकडे वेगळे काढून पाहा.