आठ लांडगे बोलावण्याआधी

गेल्या पावसाळ्यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या भूमिका-खेळात आमच्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणारं पात्र) 'कंज्युअर अ‍ॅनिमल्स' हा प्राणी बोलावणारा स्पेल, म्हणजे मंत्र, कास्ट केला आणि पुढचा अर्धा तास बाकीचे तिघे मोबाईल बघत बसले. चूक माझी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी, आणि स्पेल धड वाचला नव्हता.

आधी नियमांचं पुस्तक कुठलं ते बघा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४च्या पुस्तकात या स्पेलमधून सुटे प्राणी येतच नाहीत, एकच छायारूपी कळप येतो. डोकेदुखी २०१४च्या पुस्तकाची. आम्ही अजून त्यावरच खेळतो, कारण ते विकत घेऊन झालंय.

तिथे चार पर्याय आहेत: चॅलेंज रेटिंग (प्राणी किती ताकदीचा ते सांगणारा आकडा) २ चा एक प्राणी, १ चे दोन, १/२ चे चार किंवा १/४ चे आठ (रेटिंग त्याहून कमीही चालतं). खेळाडू वाचतो 'आठ' आणि ओरडतो 'लांडगे!' थांबवा त्याला. पर्याय त्याने निवडायचा, प्राणी कुठला ते डीएमने ठरवायचं, असा अधिकृत खुलासा आहे. मी मात्र जागा बघून ठरवतो. दलदलीत लांडगे मागितले तर बेडूक मिळतात. जंगलात लांडगे खुशाल घ्या.

आता आठ लांडग्यांचा हिशोब. सगळ्यांचा मिळून इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) एकच, पण पाळी त्यांची स्वतःची, ड्रुइडची नव्हे. तोंडी हुकूम द्यायला त्याची त्या पाळीतली अ‍ॅक्शन खर्च होत नाही. हुकूमच दिला नाही तर ते फक्त स्वतःचा बचाव करतात. शत्रूला खेटून दुसरा साथीदार उभा असेल तर लांडग्याला अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा; एका फेरीत सोळा डी-ट्वेंटी (वीस बाजूंचे फासे). एकेक टाकत बसू नका. दोन-दोन फासे एका रंगाचे घ्या, मूठभर एकदम टाका, रंग बघून जोड्या लावा. टोकन म्हणून मी शेंगदाणे मांडले होते. एक लांडगा मावसभावाने खाल्ला. तेव्हापासून कॅरमच्या सोंगट्या.

ड्रुइडला मार बसला की कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (स्पेल टिकतो का ते ठरवणारी फाशाची फेक) मागायला विसरू नका: लागणारा आकडा १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. सेव्ह हुकला की आठही लांडगे गायब.

हाच न्याय 'कंज्युअर एलिमेंटल'ला, म्हणजे आग-पाण्यासारख्या तत्त्वाचा जीव बोलावणाऱ्या स्पेलला, लावाल तर फसाल. तिथे कॉन्सन्ट्रेशन तुटलं तरी एलिमेंटल जात नाही. तो ताब्यातून सुटून तुमच्यावरच उलटू शकतो, परत पाठवता येत नाही आणि बोलावल्यापासून तास भरेपर्यंत तिथेच राहतो. आमच्या ड्रुइडला हे मी सांगितलेलं नाही.