द्रावणं आणि रेणूंमधली ओढ: या चुका टाळा, माझं लाल पेन वाचवा

जूनअखेरीस दादरच्या माझ्या क्लासच्या खिडकीवरचा पत्रा वाजायला लागतो, तेव्हा आत बारावीचा द्रावणांचा धडा सुरू झालेला असतो. क्लास काढण्याआधी मी काही वर्षं एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. त्यामुळे या धड्यातल्या चुका मी कागदावरही पाहिल्यात आणि काचेच्या भांड्यांतही. पोरं बदलतात, मोबाईल बदलतात, चुका मात्र वारसाहक्काने चालत येतात. एकाची वही तपासताना मी म्हटलं, ‘अरे, हीच चूक तुझ्या दादाने केली होती.’ तो म्हणाला, ‘सर, त्याच्याच नोट्स आहेत.’

उकळत्या पाण्यातले बुडबुडे

आधी माझी लाडकी चूक. पहिल्या तासाला मी टेबलावर विजेची किटली ठेवतो, झाकण उघडं. पाणी खळखळायला लागलं की विचारतो, ‘या बुडबुड्यांत काय आहे?’ निम्मा वर्ग म्हणतो हवा. उरलेल्यांतले हुशार म्हणवणारे म्हणतात, ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन, सर. उष्णतेने बंध तुटतात ना!’ एखादीच दबक्या आवाजात ‘वाफ’ म्हणते आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजून खाली बघते.

एका वर्षी असं ठासून सांगणाऱ्या मुलाला मी विचारलं, ‘तुमच्याकडे चहा कशावर होतो?’ ‘गॅसवर.’ ‘मग पातेल्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन निघतोय, खाली ज्योत आहे, तरी तुमची चाळ अजून उभी कशी?’ वर्ग हसला. गडी हटला नाही. ‘थोडाच निघत असेल, सर.’

मग फळ्यावर आकडे मांडले. एक मोल (रेणू मोजायचा ठरलेला गठ्ठा, जसं डझन) पाणी म्हणजे १८ ग्रॅम, चहाचे साडेतीन चमचे. ते उकळत असताना त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे ४०.७ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजन-हायड्रोजन हा रेणूच्या आतला सहसंयुज बंध तोडायचा तर मोलमागे सुमारे ४६३, आणि प्रत्येक रेणूत असे दोन, म्हणजे ९२६ किलोज्यूल. बावीस-तेवीस पट. वाफ होताना सुटतात ते रेणू-रेणूंमधले हायड्रोजन बंध. रेणू आतून जसाच्या तसा राहतो. विरारहून आलेली लोकल दादरला रिकामी होते तेव्हा माणसं एकमेकांपासून सुटतात, कोणाचा हात खांद्यातून निखळत नाही. हे ऐकल्यावर मात्र तो गप्प झाला, कारण तो नालासोपाऱ्याहून येत होता.

ही चूक एवढी लांबण लावून सांगतोय, कारण पुढचा अख्खा धडा तिच्यापायी नासतो. ‘पाण्याचा उत्कलनांक जास्त, कारण त्यातला बंध मजबूत’ असं वाक्य दर दुसऱ्या पेपरात सापडतं. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंधही काही लेचापेचा नाही, ४१३ किलोज्यूलच्या घरातला आहे. तरी मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो. आतल्या बंधाचा उत्कलनांकाशी संबंध असता तर मिथेनची बाटली फडताळात ठेवता आली असती. हायड्रोजन सल्फाईड उणे ६० ला उकळतो. पाण्याचे रेणू एकमेकांना असे धरून नसते, तर पाणीही त्याच गावचं असतं आणि गिरगावला चौपाटी नसती.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. प्रश्न वाचला की समासात पेन्सिलीने लिहायचं: ‘काय तुटतंय?’ त्याखाली दोनच पर्याय, ‘आतलं’ की ‘मधलं’. चार सेकंदांचं काम आहे. ते चार सेकंद न देणारे मग परीक्षा संपल्यावर गेटबाहेर चाळीस मिनिटं वाद घालतात.

याच कुळातल्या आणखी काही, भराभर

हायड्रोजन दिसला की हायड्रोजन बंध आहे, असं नाही. तो हायड्रोजन नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हवा. ॲसिटोनमध्ये हायड्रोजनही आहे आणि ऑक्सिजनही, पण हायड्रोजन सगळे कार्बनला चिकटलेले. त्यामुळे ॲसिटोनचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंध करत नाहीत. पाण्याशी मात्र करतात, म्हणून त्यात हवे तेवढे मिसळतात.

‘ध्रुवीय म्हणजे उत्कलनांक जास्त’ हेही घोकू नका. ध्रुवीय म्हणजे ज्याच्या एका टोकाला थोडा धन, दुसऱ्याला थोडा ऋण भार असतो तो रेणू. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, ६१ ला उकळतो. कार्बन टेट्राक्लोराईड एकूण रेणू म्हणून अध्रुवीय, तरी जवळपास ७७ ला. मोठ्या रेणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग सहज हलतो आणि त्यातून येणारी लंडन बलं तुम्ही समजता तेवढी किरकोळ नसतात.

हायड्रोजन फ्लोराईडमधला एकेक हायड्रोजन बंध पाण्यातल्यापेक्षा मजबूत असतो, पण उत्कलनांक १९.५ अंशच. पाण्याचा एक रेणू चार शेजारी धरू शकतो, फ्लोराईडवाला साखळीत दोनच. जोर बघता तसं संख्याही बघा.

एक लिटर पाणी घेतलं आणि त्यात एक मोल टाकला

दुसरी मोठी चूक प्रयोगशाळेतली. तुम्हाला बोलायच्या आधी स्वतःचीच सांगतो.

मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल. लिटरभर पाणी मोजून त्यात ३४२ ग्रॅम साखर ओतली, तर साखर जागा व्यापते आणि एकूण द्रावण जवळजवळ १.२ लिटर होतं. ते एक मोलर झालं नाही, ०.८३ च्या आसपास झालं. एक मोलॅल मात्र बरोबर झालं, कारण मोलॅलिटी एक किलो द्रावकामागे मोजतात. एका अक्षराचा फरक म्हणून हसण्यावारी नेऊ नका. उत्कलनांक आणि गोठणांकाच्या सूत्रांत मोलॅलिटीच लागते, कारण तापमान बदललं की लिटर फुगतो, किलो फुगत नाही.

आता गोष्ट. मी नोकरीला नवा होतो. जुलैचा महिना, बाहेर आभाळ फाटलेलं, प्रयोगशाळेच्या भिंतींनाही घाम. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची सराव परीक्षा आणि मला ५ लिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड करायचं होतं. हिशेब सोपा, २० ग्रॅम. बरणी उघडली तर वरच्या गोळ्या ओलसर, चकचकीत, एकमेकींना बिलगलेल्या. कोणीतरी झाकण सैल ठेवलं होतं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, ‘साहेब, खालच्या घ्या, नाहीतर नवी बरणी फोडू.’ मला पाच-चाळीसची लोकल पकडायची होती. वरच्याच उचलून कागदावर २० ग्रॅम तोलल्या, पाण्यात टाकल्या, द्रावण चांगलं गरम झालं, तसंच गरम असताना खुणेपर्यंत पाणी भरलं, लेबलवर सुंदर अक्षरात ०.१ लिहिलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी चोवीस जणांची बॅच. १० मिलिलिटर ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं आणखी एक माप, इथे माझ्या ०.१ मोलरच्या तोडीचं) ऑक्झॅलिक ॲसिड, वर ब्युरेटमध्ये माझं द्रावण. उत्तर १० यायला हवं हे सगळ्यांना पाठ. तेवीस जणांनी ९.९, १०.०, १०.१ असं लिहिलं. एका मुलीने लिहिलं ११.४. मी तिला म्हटलं, ‘अगं, शेवटचा थेंब बघायचा असतो, नळ उघडून बसायचं नसतं,’ आणि तीन मार्क कापले. ती म्हणाली, ‘सर, तीनदा केलं.’ मी ऐकलं नाही.

संध्याकाळी भांडी आवरताना सहज म्हणून मी स्वतः एक वाचन घेतलं. ११.४. पुन्हा ११.४. मग ११.५. बुडाखालचं स्टूल सरकल्यासारखं झालं. माझं द्रावण ०.१ नव्हतंच, ०.०८८ च्या आसपास होतं. मी तोललेल्या २० ग्रॅममध्ये मुंबईची हवाही होती. सोडियम हायड्रॉक्साईड हवेतलं पाणी शोषतं, सोबत कार्बन डायऑक्साईडही, आणि वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे तीन मार्क परत दिले आणि माफी मागितली. बाकीच्या तेवीस जणांचं काय करायचं, हे विभागप्रमुखांना विचारलं. त्यांनी चहा मागवला.

गरम असताना खुणेपर्यंत भरण्याची माझी दुसरी चूक उलट्या दिशेची होती. समजा अख्खं भांडं ४५ अंशांना असतं, तरी २७ ला येताना ते लिटरमागे सुमारे ६ मिलिलिटरच आकसलं असतं, म्हणजे द्रावण किंचित तीव्र झालं असतं. ही गोष्ट सांगितली की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सर, मग दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील.’ बाळा, एक आहे बारा टक्क्यांची, दुसरी फार तर अर्ध्या-पाऊण टक्क्याची. कोण कोणाला खाणार?

तेव्हापासून माझं असं आहे: पावसाळ्यात बरणी उघडायच्या आधी बीकर, पाणी, काटा सगळं मांडून ठेवायचं. गोळ्या अंदाजे तोलायच्या, झटपट. विरघळल्यावर द्रावण थंड होऊ द्यायचं, मगच फ्लास्कची खूण. आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून जो आकडा येईल तो लेबलवर लिहायचा. ०.०९७ आला तर ०.०९७. लेबल सुंदर दिसावं म्हणून ०.१ लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, बहुधा मी स्वतः त्यांच्यातला होतो म्हणून.

डाळीत मीठ, मटक्यात मीठ

‘डाळीत मीठ टाकलं की पाणी जास्त तापमानाला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते.’ रीलवर पाहून आलेलं ज्ञान. हिशेब करा. एक किलो पाण्यात चमचाभर, समजा ६ ग्रॅम मीठ. म्हणजे ०.१०३ मोल, आयन दोन (मीठ पाण्यात सोडियम आणि क्लोराईड असं सुटतं), पाण्याचा स्थिरांक ०.५१२, तिन्हींचा गुणाकार. वाढ येते ०.१ अंश. कुकरची शिट्टी दाब वाढवून पाणी १२० अंशांपर्यंत नेते, तिच्यापुढे हे काय! मीठ चवीला टाका.

वर ‘आयन दोन’ म्हटलं ते निम्मा वर्ग विसरतो. सोडियम क्लोराईडला २, पोटॅशियम सल्फेटला ३, साखर-युरियाला १. ॲसिटिक ॲसिड बेंझीनमध्ये टाकलं तर रेणू जोडीजोडीने हायड्रोजन बंधांनी बिलगतात आणि हा आकडा, म्हणजे फॅक्टर, अर्ध्याजवळ येतो. इथेही तेच, कोण सुटलं आणि कोण बिलगलं.

कुल्फीवाल्याच्या मटक्यातलं मीठ बर्फ ‘गरम करून’ वितळवत नाही. मिठाने गोठणांक खाली जातो, बर्फ वितळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता, ग्रॅममागे ३३४ ज्यूल, कुल्फीच्या डब्यातून ओढून घेतो. मिश्रण नीट जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. त्यात बोट घालून बघू नका, एकाने घातलं होतं.

हेन्रीचा नियम आणि दोन पुस्तकांचं भांडण

दाबाखाली वायू द्रवात किती विरघळतो, हे सांगणारा हा नियम. यात चूक पोरांची कमी. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात विद्राव्यता म्हणजे स्थिरांक गुणिले दाब. म्हणून स्थिरांक मोठा तर वायू जास्त विरघळतो. एनसीईआरटीच्या पुस्तकात दाब म्हणजे स्थिरांक गुणिले मोल-अंश (एकूण मोलांतला वायूचा वाटा), म्हणजे बरोबर उलटं. तिथे २९३ केल्विनला नायट्रोजनचा ७६.४८ किलोबार आणि ऑक्सिजनचा ३४.८६, आणि कमी विरघळतो तो नायट्रोजन. सकाळी सीईटीचा सराव आणि दुपारी जेईईचा करणारी पोरं इथे हमखास आपटतात. एकक बघा. एककात मोल वर असेल तर बोर्डाचं, नुसता दाब असेल तर दुसरं.

गाईडमधला तो चौकोनी तक्ता

राऊल्टचा नियम सांगतो की मिश्रणाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, घटकांच्या प्रमाणात ठरतो. तक्ता म्हणतो: धन विचलन, म्हणजे दाब त्याहून जास्त, असेल तर आकारमान वाढतं, उष्णता शोषली जाते. ऋण असेल तर उलट. तक्ता सुबक आहे, पाठ व्हायला सोपा, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकतात. आता ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर इथेनॉल एकत्र करा. येतात सुमारे ९६-९७ मिलिलिटर, भांडंही किंचित कोमट लागतं. तक्त्यानुसार हे ऋण विचलन. प्रत्यक्षात ही जोडी धन विचलन दाखवते. म्हणूनच ती ७८.२ अंशांना, वजनाने ९५.६ टक्के इथेनॉलवर अडकते आणि साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे शुद्ध होत नाही. बाष्पदाब ठरताना उष्णतेबरोबर रेणूंच्या मांडणीतला फरकही मोजला जातो, त्याला तक्त्यात चौकोन नाही. ॲसिटोन-क्लोरोफॉर्मसारख्या पुस्तकी जोड्यांना तक्ता चालतो. बाकी ठिकाणी बाष्पदाबाचा आलेख बघायचा, तक्ता नाही.

तापमानातला फरक आणि २७३

सेल्सिअसमधला फरक आणि केल्विनमधला फरक एकच असतो. फरकात २७३ मिळवायचे नसतात. हे मी दरवर्षी तीनदा सांगतो. गेल्या वर्षी एकाने साखरेच्या एक मोलॅल द्रावणाचा गोठणांक काढला. १.८६ अगदी बरोबर आणलं, मग सवयीने त्यात २७३ मिळवले आणि शून्यातून वजा करून खाली दुहेरी रेघ ओढली: उणे २७४.८६ अंश सेल्सिअस. निरपेक्ष शून्य उणे २७३.१५ ला आहे. मी शेजारी लाल पेनाने लिहिलं, ‘नोबेल घ्यायला स्टॉकहोमला कधी निघायचं?’ त्याने वही परत आणली आणि विचारलं, ‘सर, स्टेप मार्क मिळतील ना?’